आईला भीती वाटतेय, पण चुकीच्या गोळीची

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझी आई ६७ वर्षांची आहे. ती आणि धाकटा भाऊ कराडजवळ गावी असतात, मी पुण्यात नोकरीला. आईला बीपी आणि शुगर दोन्ही आहेत. गेल्या वर्षी मामांचं डायलिसिस सुरू झालं, तेव्हापासून तिने औषधांची धास्तीच घेतलीय. ‘तोही शुगरच्या गोळ्या खायचा, बघ काय झालं,’ असं म्हणते. त्यात दिवाळीत भावाने तिच्या चिठ्ठीवरच्या एकेका गोळीचं नाव मोबाइलवर टाकून साइड इफेक्ट मोठ्याने वाचून दाखवले. त्यानंतर तिच्या पोटऱ्या दुखायला लागल्या, म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद. शुगरची एक दिवसाआड. बीपीची तेवढी रोज घेते. गुडघ्यांसाठी मात्र मेडिकलमधून आणलेली गोळी वर्षभर रोज चालू आहे, कधी दिवसातून दोनदा, आणि तिच्यासोबत ॲसिडिटीची. ‘ती साधी गोळी आहे,’ म्हणते. हल्ली संध्याकाळी दोन्ही पायांवर सूज दिसते. शेजारच्या काकू गुडघ्यांसाठी कुठलीशी पुडी आणून देणार आहेत. तिला म्हणे साइड इफेक्टच नाहीत. मी काही बोलले की भांडण होतं. हे साइड इफेक्ट नेमके किती मनावर घ्यायचे? सगळ्या पट्ट्यांचे फोटो पाठवतेय. – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देते, पण त्याआधी एक काम करा. आजच घरी फोन करून गुडघ्याची ती गोळी थांबवायला सांगा. ती हळूहळू कमी करावी लागत नाही, एकदम सोडली तरी चालते. आणि याच आठवड्यात आईला डॉक्टरांकडे नेऊन बीपी मोजून घ्या. रक्तात क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते सांगणारं), पोटॅशियम, हिमोग्लोबिन, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि व्हिटॅमिन बी१२, शिवाय लघवीतलं अल्ब्युमिन, एवढ्या तपासण्या करायला सांगा. दरम्यान दम लागायला लागला, लघवी कमी झाली, किंवा शौचाला डांबरासारखी काळी झाली, तर आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकाच पायावर सूज आणि दुखणं असेल तरीही तसंच, कारण ती शिरेत गुठळी झाल्याची खूण असू शकते.

आता फोटोंकडे येऊ. पाच पट्ट्या आहेत. भावाने तीन वाचल्या: बीपीची टेल्मिसार्टन, शुगरची मेटफॉर्मिन आणि कोलेस्टेरॉलची ॲटोर्वास्टॅटिन. उरलेल्या दोन चिठ्ठीवर नाहीत, म्हणून त्या औषधात मोजल्याच गेल्या नाहीत. गुडघ्याच्या गोळीच्या पट्टीचा फोटो मोठा करून बघा. कडेला उभी लाल रेघ आहे आणि शेजारी बारीक अक्षरांत इशारा आहे, की ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची. आत ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. आईच्या पाच गोळ्यांमध्ये मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती हिचीच.

का, ते सांगते. ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन ही सगळी एकाच गटातली औषधं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, ती अडवणं हे यांचं काम. सांध्यात ही द्रव्यं दुखणं आणि सूज वाढवतात, म्हणून अडवली की आराम पडतो. पण जठराचं आतलं अस्तर टिकवतात तीही हीच द्रव्यं, आणि किडनीत रक्त नेणारी बारीक नळी उघडी ठेवतात तीही हीच. गोळी गुडघा ओळखत नाही. ती सगळीकडेच अडवते.

किडनीचं काम तुमच्या शेतातल्या ठिबकच्या फिल्टरसारखं समजा. फिल्टर चालायला आत पाण्याचा दाब लागतो. आईच्या बीपीच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ आहे, म्हणजे त्या एकाच गोळीत दोन औषधं आहेत. टेल्मिसार्टन फिल्टरमधून बाहेर जाणारी वाट सैल करतं, त्यामुळे आतला दाब थोडा उतरतो. शुगरच्या पेशंटला हे हवंच असतं, वर्षानुवर्षांच्या जास्तीच्या दाबापासून किडनी त्यामुळे वाचते. दुसरं हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवणारं. ते एकूण पाणी कमी करतं. ही दोन्ही मिळून चांगली चालतात. पण त्यात पेनकिलरची भर पडली, की आत येणारी वाटही आवळते. मागून पाणी कमी, पुढची वाट सैल, आणि आता मुख्य कॉकही अर्धा बंद. एखाद्या दिवशी जुलाब-उलट्या झाल्या, किंवा मे महिन्यात उन्हात काम करून पाणी पिणं राहिलं, की दाब इतका पडतो की किडनी अचानक काम थांबवू शकते. या तिघांच्या जोडीचा धोका वैद्यकात चांगला माहीत आहे. वारीला निघणाऱ्या बीपीच्या पेशंटना मी दरवर्षी आवर्जून हेच सांगते, कारण दिवसभराची चाल, कमी पाणी आणि पिशवीत पेनकिलरची पट्टी हे सगळं तिथे एकत्र येतं.

पायांवरची सूज याच गोळीमुळे असण्याची शक्यता बरीच आहे. ही औषधं अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि बीपीही वाढवतात. म्हणजे आई एका गोळीने बीपी उतरवतेय आणि दुसरीने चढवतेय. मात्र हृदय किंवा किडनी यांच्या तक्रारीतही अशीच सूज येते, म्हणून तपासणी टाळू नका. हृदयाचाही प्रश्न आहेच. डायक्लोफेनॅक दिवसाला १५० मिलिग्रॅम असं हजार लोकांनी वर्षभर घेतलं, तर हार्ट ॲटॅकसारखा मोठा त्रास नेहमीपेक्षा आणखी साधारण तिघांना होतो, आणि त्यांतला एक दगावतो. हा हिशेब २०१३ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून काढलेला आहे. ॲसिक्लोफेनॅक रचनेने डायक्लोफेनॅकच्या अगदी जवळचं, शरीरात त्याचा काही भाग डायक्लोफेनॅकमध्येच बदलतो.

एक गोष्ट आईला जरूर सांगा, तिच्या ती पाहण्यातली असेल. तिच्या लहानपणी मेलेल्या जनावराभोवती गिधाडं उतरायची. ती का गेली? गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक द्यायचे, ते जनावर मेलं की गिधाडं खायची आणि किडनी निकामी होऊन मरायची. आपल्या देशातल्या गिधाडांच्या तीन जाती यामुळे जवळपास नाहीशा झाल्या. २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केलं, २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅकही. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही, हेही सांगा, उगाच घाबरवायचं नाही. दाढ दुखली, पाय मुरगळला म्हणून धडधाकट माणसाने दोन-चार दिवस जेवणानंतर ही गोळी घेतली, तर बहुतेकांना काहीही होत नाही. गोळी वाईट नाही. पण ६७ वय, बीपी, शुगर, सोबत ‘एच’वाली गोळी आणि वर्षभर रोज, हे सगळं जुळून आलं की तीच गोळी घातक होते.

तुम्ही विचारलंत, साइड इफेक्ट किती मनावर घ्यायचे. मी हाच हिशेब करते: किती जणांना होतो, आपल्या माणसाला होण्याचं काही खास कारण आहे का, आणि गोळी न घेतल्यास काय होतं. भावाने वाचली ती यादी यांतल्या कशाचंच उत्तर देत नाही. तिथे मळमळही असते आणि यकृत निकामी होणंही असतं, एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत. चांगल्या माहितीपत्रकात प्रत्येक त्रासापुढे तो किती आढळतो ते लिहिलेलं असतं, आणि त्या शब्दांना ठरलेला अर्थ आहे. दहा हजार लोकांनी औषध घेतलं असं धरा. ‘खूप सामान्य’ म्हणजे त्यांतल्या हजारांहून जास्त लोकांना. ‘सामान्य’ म्हणजे शंभर ते हजार. ‘क्वचित’ म्हणजे दहा ते शंभर. ‘दुर्मीळ’ म्हणजे एक ते दहा, आणि ‘अतिदुर्मीळ’ म्हणजे एकापेक्षाही कमी. भावाला म्हणावं, पुन्हा वाच, पण या वेळी हा शब्द शोधून वाच. आणि पाचही पट्ट्या वाच.

कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल जरा थांबून बोलायला हवं. आईच्या पोटऱ्या वाचल्यानंतर दुखायला लागल्या, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये याच प्रश्नावर एक सुरेख चाचणी झाली, २०२० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्रास होतो म्हणून स्टॅटिन, म्हणजे ॲटोर्वास्टॅटिनच्या गटातली कोलेस्टेरॉलची गोळी, सोडून दिलेले ६० जण त्यात घेतले. प्रत्येकाला बारा बाटल्या, महिन्याला एक. चार बाटल्यांत ॲटोर्वास्टॅटिन, चार बाटल्यांत तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या, आणि चार रिकाम्या. आपल्या गोळीत औषध आहे की नाही हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. रोजचा त्रास लोकांनी मोबाइलवर नोंदवला. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रास कमी होता. गोळीच्या महिन्यांत वाढला, पण खऱ्या गोळीने जेवढा वाढला त्याच्या सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला. हे निकाल पाहिल्यावर ६० पैकी ३० जणांनी गोळी पुन्हा सुरू केली.

याचा अर्थ आई नाटक करते असा मुळीच नाही, आणि तसं तिला कधीच म्हणू नका. दुखणं खरंच होतं. आता त्रास होणार अशी भीती बसली, की शरीर प्रत्येक कळ टिपायला लागतं, आणि साठी उलटलेल्या पोटऱ्यांत कळा असतातच. गोळीमुळे खरोखर स्नायू दुखणारे लोकही आहेत. त्यांच्यासाठी डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. स्नायूंची मोठी हानी होऊन लघवी गडद तांबडी होणं हा स्टॅटिनचा खरा धोका, पण तो अतिदुर्मीळ. रक्तातली साखर ही गोळी किंचित वाढवते, हेही खरं आहे. दुसऱ्या पारड्यात काय, तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण ४० मिलिग्रॅमने उतरलं की हार्ट ॲटॅक आणि पक्षाघाताचा धोका सुमारे पाचव्या हिश्शाने घटतो. शुगर आणि बीपी असलेल्या बाईचा तो धोका मुळातच जास्त, त्यामुळे तिच्या पदरात पडणारा फायदाही मोठा. दुखणं अजून असेल तर डॉक्टरांना सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी) तपासायला सांगा. तो नॉर्मल असेल, तर गोळी कमी डोसने पुन्हा सुरू करण्याबद्दल त्यांच्याशी बोला.

आणि मामा. आईच्या डोक्यातला खरा काटा तिथे आहे. ‘शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते’ हे मी गावोगावी ऐकते, आणि ऐकून दरवेळी जीव तुटतो, कारण यामुळे लोक गोळ्या सोडतात आणि मग खरंच किडनी जाते. मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. वर्षानुवर्षं वाढलेली साखर करते, आणि तिच्या जोडीला वाढलेलं बीपी. किडनीचं काम फार कमी झालं तर डॉक्टर मेटफॉर्मिन थांबवतात, कारण ते लघवीवाटेच बाहेर पडतं आणि मग अंगात साठायला लागतं. ‘किडनी गेली आणि डॉक्टरांनी गोळी बंद केली’ हे नातेवाईक बघतात, आणि गोळीवर बोट ठेवतात. मेटफॉर्मिनचे खरे त्रास म्हणजे मळमळ, पातळ शौच, तोंडाला धातूसारखी चव. जेवणासोबत घेतली किंवा हळूहळू विरघळणारी गोळी घेतली तर ते बरेच कमी होतात. दुसरा त्रास लपून येतो: बरीच वर्षं घेतल्यावर बी१२ कमी होतं, पायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. म्हणून वर बी१२ लिहिलं.

त्यातच ॲसिडिटीची गोळी. पँटोप्राझोल जठराला पेनकिलरपासून सांभाळतं, किडनीला आणि हृदयाला अजिबात नाही. ‘सोबत ॲसिडिटीची घेते, मग काय होतंय’ हा समज त्यामुळे घातक आहे. वर्षभर घेतल्यास तीही बी१२ कमी करू शकते, मॅग्नेशियम उतरवू शकते. पेनकिलर थांबली की हिची गरज बहुधा संपेल. पण एकदम सोडली तर काही दिवस छातीत जास्तच जळजळतं आणि माणसाला वाटतं, बघा, हिच्याशिवाय चालतच नाही. डॉक्टरांना विचारून कमी करत आणा.

पुडी घेऊ देऊ नका. इथे मला काहीही तडजोड मान्य नाही. कायद्याने तयार झालेल्या आयुर्वेदिक औषधावर घटक, परवाना क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव, तारीख असतं. कागदाच्या पुडीवर काहीच नसतं. दोन दिवसांत गुडघे मोकळे करणाऱ्या अशा पुड्यांमध्ये कुटून घातलेलं स्टेरॉइड अनेकदा सापडलेलं आहे. आराम विलक्षण पडतो, भूक लागते, माणूस खूश होतो. मग चेहरा गोल होतो, शुगर भडकते, हाडं ठिसूळ होतात. शिवाय काही आठवडे घेतल्यावर ती अचानक बंद केली तर बीपी कोसळून जिवावर बेतू शकतं, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. काकू स्वतः ती पुडी घेत असतील, तर त्यांनाही सांगा: एकदम बंद करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

पण मग गुडघ्यांचं काय? आई हे विचारणारच, आणि विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे. दुखणं सोसत बस असं सांगून गोळी बंद केली, तर चार दिवसांत ती पुन्हा मेडिकलमध्ये जाईल. डायक्लोफेनॅकचंच जेल गुडघ्यावर लावलं तर रक्तात अगदी थोडं औषध जातं. किडनीचा रिपोर्ट पाहून डॉक्टर बहुधा त्याला हो म्हणतील. नुसतं पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, लागेल तेव्हाच. तिच्या वयाला दिवसाचा एकूण डोस तीन ग्रॅमच्या आत असावा, आणि सर्दीच्या गोळ्यांतही बहुतेक वेळा तेच असतं, म्हणून दोन्ही मिळून मोजायचं. त्याचा आराम थोडा, हे आधीच सांगून ठेवा. खरा फरक मांडीच्या स्नायूने पडतो. खुर्चीत ताठ बसायचं, एक पाय समोर सरळ करायचा, पाच-सहा सेकंद तसाच धरायचा, सावकाश खाली. दोन्ही पायांचं दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. गुण यायला दीड-दोन महिने लागतात. जमिनीवर मांडी घालून भाजी निवडणं, उकिडवं बसून भांडी घासणं आता बंद. शौचालयात कमोडची खुर्ची ठेवा, हे भावाकडे सोपवा. वजन जास्त असेल तर चार-पाच किलो उतरल्यावरही गुडघे हलके वाटतात.

भांडणाबद्दल. तुमची आई हट्टी नाही, घाबरलेली आहे. सख्ख्या भावाला आठवड्यातून दोन-तीनदा सुया टोचून घेताना ती बघतेय. किडनी जपायची हे तिने ठरवलंय आणि ते अगदी बरोबर ठरवलंय, त्यासाठी तिचं कौतुकच करा. ‘आई, गोळ्या घे’ असं न म्हणता ‘आई, किडनीला धोका कुठल्या गोळीचा आहे ते डॉक्टरांनी लिहून पाठवलंय’ असं म्हणा, आणि हे उत्तर तिला वाचून दाखवा. घरात मामांचा आजार असल्यामुळे तिला जास्त जपायला हवंच, तेही खरं आहे. डॉक्टरांकडे जाताना पाचही पट्ट्या पिशवीत घालून न्यायच्या, मेडिकलमधून आणलेल्यासुद्धा. आपण काय बंद केलं आणि काय स्वतःहून घेतलं, हे पेशंट दवाखान्यात सांगत नाहीत. डॉक्टर रागावतील असं वाटतं. तुम्ही फोनवरून तरी त्यांच्या कानावर घाला. आणि एक विचारून ठेवा: जुलाब-उलट्या झाल्या तर त्या दिवसापुरत्या कुठल्या गोळ्या थांबवायच्या आणि परत कधी सुरू करायच्या. बीपीच्या आणि शुगरच्या गोळीबाबत हे आधी माहीत असलेलं फार उपयोगी पडतं.

औषधाने खरंच काही त्रास झाला असं वाटलं, तर तो कळवायला आपल्याकडे सोय आहे आणि ती पेशंटसाठीही आहे. भारतीय औषधसंहिता आयोग २०१० पासूनचा देशव्यापी औषधसुरक्षा कार्यक्रम चालवतो. त्याचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी दिवसा. पेशंटने भरायचा अर्ज मराठीतही मिळतो.

रिपोर्ट येईल तेव्हा नुसतं ‘क्रिएटिनिन नॉर्मल’ एवढ्यावर समाधान मानू नका. किडनीचं काम निम्म्याच्या जवळ येईपर्यंत तो आकडा नॉर्मलमध्ये राहू शकतो, विशेषतः बारीक अंगाच्या वयस्कर बायकांत. त्याच कागदावर ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज सांगणारा आकडा असतो, तो बघा. नसेल तर डॉक्टरांना काढून मागा. तो ६० च्या खाली असेल तर या गटातल्या पेनकिलरचा विषय आईसाठी कायमचा संपला असं धरा, आणि ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिनबद्दलही त्याच दिवशी विचारा. घरात गेल्या वर्षा-दोन वर्षांचा एखादा जुना रिपोर्ट पडला असेल, तर तो शोधून सोबत न्या, म्हणजे ही गोळी सुरू होण्याआधी किडनी कुठे होती ते डॉक्टरांना कळेल. पेनकिलर थांबवून दोन-तीन आठवडे झाले की तीच तपासणी पुन्हा एकदा करा. गोळीमुळे बिघडलेलं असेल तर बऱ्याचदा तेवढ्यात आकडा सुधारायला लागतो.